उन्हाचा जमाखर्च

आमचे बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फुटांवर. त्यामुळे उन्हाळा म्हणजे आंबे, सुट्टी आणि वळवाचा पाऊस एवढीच माझी कल्पना. गेल्या मे महिन्यात कलबुर्गीला मामांकडे गेलो, तेव्हा कन्नडमधील ‘बिसिलु’ या शब्दाचा खरा अर्थ कळला.

मामा तेथे एका आडत दुकानात हिशेब लिहितात. एका दुपारी तुरीची पोती उतरवणारा हमाल मोजणीत चुकू लागला. सारे हसले. मामा मात्र उठले, कारण तो कधीच चुकत नसे. बघता बघता तो असंबद्ध बडबडू लागला आणि खाली कोसळला. कुणीतरी तोंडाला तांब्या लावला. मामांनी तो ओढून घेतला आणि पाणी त्याच्या अंगावर ओतले. सावलीत नेऊन आम्ही वारा घातला, १०८ क्रमांकाला फोन केला. शुद्ध हरपत चाललेल्याला पाणी पाजल्यास ते श्वासनलिकेत जाऊ शकते, हे मला ठाऊक नव्हते. तो वाचला.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे शास्त्र खतावणीतूनच समजते! शरीर स्वतः उष्णता निर्माण करते, ऊन त्यात भर घालते. ही जमेची बाजू. खर्चाची मुख्य बाजू घामाची, आणि तीही घाम वाळला तरच. तो नुसता निथळला तर पाणी व मीठ मात्र गेले. म्हणून लिंबू-मीठ घातलेले ताक तहानेची वाट न पाहता घ्यावे. हवा ४० अंशांवर गेली की पंखा गरम झोतच अंगावर टाकतो. तेव्हा अंग ओले करणे हाच उपाय.

दिवसाची बाकी रात्री फिटते. परंतु शहरातील सिमेंट व डांबर साठवलेली उष्णता रात्रीही सोडत राहतात, मग बाकी पुढे ओढली जाते. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाल्याचे संशोधकांनी मोजले. २०१३ साली त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा आखला. पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढरी रंगवण्याचे कामही हाती घेतले.

‘दुपारी बाहेर पडू नका’ हा सल्ला पगारदारांना ठीक. हमालाला मजुरी पोत्यामागे. सावलीत बसला की तेवढी बुडाली. मामांनी मालकांशी आठवडाभर हुज्जत घातली. आता मे महिन्यात तेथे उतरवणी पहाटे ५ वाजता सुरू होते. दुपारी आलेला ट्रक सायंकाळपर्यंत उभाच राहतो आणि ड्रायव्हर कुरकुरतात.