सी.एन.सी. कटाई : वेळ जातो कुठे, माल जातो कुठे?

लाकडाच्या कामात आम्ही कारागीर नाही, हे आधी सांगितलेले बरे. आमचा धंदा कापडाचा. परंतु नांदेडला आमच्या भाच्याने घराच्या मागच्या खोलीत सी.एन.सी. राऊटर बसविला. व्याजाचे कर्ज नको म्हणून घरातील चौघांनी नफा-तोट्याच्या भागीदारीवर रक्कम घातली. त्या चौघांत आम्हीही आहोत. त्यामुळे यंत्राजवळ घड्याळ घेऊन बसण्याचा प्रसंग आला. तेथे जे समजले ते घरगुती कारखाना चालविणाऱ्या बांधवांपुढे ठेवीत आहोत.

काम लातूरच्या एका व्यापाऱ्याचे होते. लाकूड कातण्याच्या लेथला लागणारे सामान त्याला हवे होते. १८ मि.मी. प्लायवूडच्या, २४० मि.मी. व्यासाच्या ८० चकत्या, आणि पलंगाचे पाय व जिन्याचे दांडे एकसारखे कातता यावेत म्हणून नक्षीचे काही फर्मे. प्लायवूड व्यापाऱ्याचेच, ४ बाय ४ फुटांचे ५ तुकडे. मजुरी यंत्राच्या तासावर ठरली. यंत्र दिवसभर चाले, खोलीत जळक्या लाकडाचा वास भरे, कटर काळे पडत, आणि एका चकतीला जवळजवळ चार मिनिटे लागत.

भाच्याचा समज असा की, कटर जोरात फिरवावा आणि हळू सरकवावा, म्हणजे तो टिकतो. येथेच चूक होती. ६ मि.मी. जाडीचा, दोन धारांचा कटर मिनिटाला १८,००० फेरे घेत होता आणि १,२०० मि.मी. सरकत होता. फेऱ्यांना धारांनी गुणून त्या आकड्याने चालीला भागा. एक धार एका वेळी किती लाकूड उचलते ते निघते. येथे ते ०.०३ मि.मी. निघाले. एवढ्यात ढलपी निघत नाही, पीठ निघते. धार कापत नाही, घासते. घासण्याने उष्णता वाढते, प्लायवूडचा गोंद कटरला चिकटतो आणि धार मरते. उष्णता बाहेर वाहून नेण्याचे काम ढलपी करते, पिठाला ते जमत नाही.

आम्ही फेरे १२,००० वर आणले आणि चाल २,४०० केली. हिशेब ०.१ मि.मी. वर आला. भुसा हाताला रवाळ लागू लागला, वास गेला. फेरे याहून फार खाली नेऊ नयेत, स्पिंडलचा जोर घटतो. पूर्वी तो एका वेळी ३ मि.मी. खोल जाऊन सहा फेऱ्यांत तक्ता कापत असे. आता ६ मि.मी. खोल, तीनच फेऱ्या. यात दुहेरी फायदा आहे. उथळ कापताना कटरचे फक्त टोक झिजते, वरची धार कोरीच राहते. तीन फेऱ्यांत ८० चकत्यांसाठी कटर सुमारे १८५ मीटर लाकडातून जातो, सहा फेऱ्यांत त्याच्या दुप्पट. चकतीचा वेळ चार मिनिटांवरून एका मिनिटावर आला. आपले यंत्र हलके असेल तर हे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. रद्दी तुकड्यावर चाल टप्प्याटप्प्याने वाढवा, आणि आवाज बदलला किंवा माप चुकले की एक टप्पा मागे या.

एक गोष्ट भाच्याला पटायला वेळ लागला. चकतीची कड तो आरशासारखी करीत असे. अहो, चकती लेथवर चढली की कड पुन्हा तासलीच जाणार! तेथे शेवटची बारीक फेरी कशाला? फर्म्याची गोष्ट उलट आहे. त्यावरून पन्नास पाय कातले जातील, तेव्हा तेथे सावकाश कापावे.

आता मांडणी. हे मात्र आमच्या ओळखीचे काम. शर्टाचे फर्मे कापडावर मांडताना कटिंग मास्तर कपडा वाचवितो, तसेच हे. चकत्या सरळ ओळीत मांडल्या तर ४ फुटी तुकड्यात चार ओळी, म्हणजे १६ चकत्या बसतात. पाचवी ओळ अवघ्या ४ मि.मी. ने हुकते. परंतु दर दुसरी ओळ अर्ध्या चकतीने सरकविली, तर वरची गोलाई खालच्या खाचेत शिरते. ओळी-ओळीतले अंतर २४६ ऐवजी २१४ मि.मी. पुरते, पाच ओळी बसतात आणि चकत्या २० होतात. शिवाय एका कडेला सुमारे १२० मि.मी. ची पट्टी उरते, त्यात फर्मे निघाले.

म्हणजे ८० चकत्यांना पाच नव्हे, चारच तुकडे लागले. पाचवा कोणाचा? भाचा म्हणाला, "मामू, अक्कल आपली, बचतही आपलीच." आम्ही सांगितले, माल दुसऱ्याचा आहे, आपल्याकडे अमानत आहे. शिंप्याने वाचविलेले कापड शिंप्याचे होत नाही. सूरह मुतफ्फिफीन माप कमी देणाऱ्यांविषयीच आहे. तुकडा लातूरला परत गेला.

पण मजुरीत मार बसला. तासाचा भाव, आणि काम चौपट वेगाने झालेले! जो हुशारीने काम करील त्यालाच कमी पैसे, असा तो करार. पुढच्या कामापासून भाव नगावर ठरविला, आणि माल वाचला तर त्यातला ठरावीक हिस्सा मजुरीत धरायचा हे आधीच कागदावर घेतले. व्यापारी राजी झाला, कारण त्याचाही फायदा होता.

उरला वेळ दोन कटाईंच्या मधला. तक्ता बसविणे, शून्य धरणे, चकती सुटू नये म्हणून राखलेल्या जोडण्या तोडणे. यासाठी बेडच्या एका कोपऱ्यात दोन बाजूंना पक्क्या खुंट्या ठोकून घ्या. तक्ता टेकविला की जागा ठरली. वीज गेली तर यंत्र आपली जागा विसरते, तेव्हाही याच कोपऱ्यापासून पुन्हा शून्य धरता येते.

जुने लाकूड वापरणाऱ्यांनी आणखी जपावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जी दगड-मातीची घरे पडली, त्यांच्या माळवदाखाली लाकडी तुळया व खांब असत. तशा जुन्या घरांचे सागवान हाती आले तर ते उत्तम पिकलेले असते, पण आत खिळे असतात. तक्ता यंत्रावर चढविण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी लोहचुंबक फिरवा. जेथे काळा डाग दिसेल तेथे टोच्याने टोचून पाहा, कारण डोके तुटलेला खिळा खोल असतो आणि चुंबकाला लागत नाही.