फुकट टेम्प्लेट देण्याआधी

नांदेड-लातूरकडच्या पोरांनी वेब डिझाइन शिकायला विचारलं की मी सांगतो, एक टेम्प्लेट पूर्ण करा आणि लोकांना फुकट वापरू द्या. कोर्सचा प्रोजेक्ट सरांनी एकदा बघितला की फोल्डरमध्ये पडून राहतो. दिलेलं टेम्प्लेट अनोळखी माणसं आपापल्या मजकुरानं भरतात, आणि आपलं डिझाइन किती टिकतं ते तेव्हा कळतं.

माझं पहिलं टेम्प्लेट शिकवणी वर्गांसाठी होतं. नमुन्याला सगळे भरतात तेच लोरेम इप्सम भरलेलं, दिसायला देखणं. लातूरच्या एका क्लासनं ते घेतलं आणि निकालाच्या पानावर मोठ्या अक्षरांत टाकलं, ‘गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार’. शिरोरेषेचे तुकडे झाले आणि ‘र्थ्यां’वरचा रफार, अनुस्वार वरच्या वर कापला गेला. सरांचा फोन आला, “पालक विचारायलेत, नीट मराठी लिहिता येईना का म्हणून.”

कारण साधं होतं. इंग्रजी शीर्षकं ऐटदार दिसावीत म्हणून लेटर-स्पेसिंग देतात. देवनागरीत त्यानं शिरोरेषाच तुटते. तिथे ते शून्य ठेवा. ओळीची उंची इंग्रजीला पुरते तेवढी मराठीला पुरत नाही. वर रफार-मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरं असतात, मजकुराला १.६ च्या आसपास लाइन-हाइट द्या आणि शीर्षकाच्या चौकटीला ठरावीक उंची देऊ नका. पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये नोंदवा. ज्या फॉण्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, त्यांना ते त्यावरूनच कळतं. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ ओपन फॉण्ट लायसन्सखाली आहे, तो टेम्प्लेटसोबत देता येतो. आपल्याकडे डीटीपीवाल्यांकडून मजकूर बऱ्याचदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये येतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा, ही सूचना सोबतच्या फाइलमध्ये पहिल्या ओळीत हवी.

दुरुस्ती मी त्याच रात्री केली, पण तोवर जुनी प्रत व्हॉट्सॲपवरून पुढे गेली होती. वाटलेलं टेम्प्लेट परत बोलावता येत नाही. म्हणून प्रत्येक प्रतीवर आवृत्तीचा क्रमांक, तारीख आणि नवी प्रत कुठे मिळेल ते लिहा. रंग, फॉण्ट, अंतरं एकाच सीएसएस फाइलमध्ये ठेवा, म्हणजे जुनी प्रत वापरणाऱ्याला तेवढीच फाइल बदलून भागतं.

परवान्याचं बहुतेक जण विसरतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोंदणी न करताही हक्क निर्माण करणाऱ्याकडे असतो, त्यामुळे नुसतं ‘फुकट आहे’ म्हटल्यानं घेणाऱ्याला काय करता येईल हे स्पष्ट होत नाही. एमआयटी परवाना सोपा आहे, पण त्यात कॉपीराइटची नोंद कायम ठेवून टेम्प्लेट विकण्याचीही मोकळीक आहे. उद्या कुणी ते एखाद्या आडत दुकानाला पैसे घेऊन बसवून दिलं तर चालेल का, हे आधी मनाशी ठरवा. मला चालतं. आणि नेटवरून उचललेले फोटो त्यात ठेवू नका. त्यांचा हक्क तुमच्याकडे नसतो, मग तुम्ही तो दुसऱ्याला कसा देणार?

शेवटी, वाटायच्या आधी ओळखीतल्या एका दुकानदाराला किंवा शिक्षकाला ते भरायला द्या. शेजारी बसा, माउसला हात लावू नका, आणि तो जिथे जिथे अडतो ते लिहून घ्या.