चकाकणारी वस्तु व शिकारी मासा

'समुद्रांत बुडी मारतांना अंगावर चकाकणारी वस्तु नसावी, मोठे मासे धांवून येतात' असें पाणबुडे वारंवार सांगत असतात. पाठीवर हवेचें नळकांडें बांधून पाण्याखालीं श्वास घेण्याची युक्ति कूस्तो व गान्यां या फ्रेंच गृहस्थांनीं १९४३ सालीं सिद्ध केली. आतां आपल्या मालवण-तारकर्लीकडेहि हौशी लोक अशी बुडी मारतात. तेव्हां या समजुतींत तथ्य किती, हें पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं.

प्रथम मासा कां चकाकतो तें पाहूं. बांगडा हातांत घेतला म्हणजे त्याची कूस रुप्यासारखी झळकते. ही झळाळी धातूची नव्हे. त्वचेंत व खवल्यांत ग्वानीन नामक द्रव्याचे अतिसूक्ष्म स्फटिक थरावर थर रचलेले असतात. ते आरशाप्रमाणें प्रकाश परत फेंकतात. नवल असें कीं, सृष्टिकर्त्यानें हा आरसा माशाला मिरविण्यासाठीं नव्हे, तर लपण्यासाठीं दिला आहे. मासा सरळ पोहत असतां त्याच्या कुशींत सभोंवतालच्या पाण्याचेंच प्रतिबिंब पडतें व तो पाण्यांत मिसळून जातो. परंतु तोच घायाळ होऊन कलंडला, कीं वरचा प्रकाश त्याच्या अंगावरून लखकन् उसळतो. शिकाऱ्याला ती लकाकी म्हणजे जेवणाचें बोलावणेंच! गळाला चमच्यासारखा धातूचा तुकडा बांधून ओढीत नेणारे लोक याच गोष्टीचा फायदा घेतात. तुकडा डुलतो, लकाकतो, विझतो, पुन्हा लकाकतो.

फ्लॉरिडा व बहामा बेटांजवळच्या उबदार समुद्रांत बॅराकुडा नांवाचा लांबट मासा पुष्कळ आढळतो. त्याचे दांत सुरीसारखे असून तो मुख्यत्वें डोळ्यांवर विसंबून शिकार करतो. पाणबुड्याच्या मागें तो बराच वेळ येत राहतो. नवख्याची गाळण उडते खरी. पण बहुधा तें निव्वळ कुतूहल असतें. त्यानें माणसास चावल्याचे प्रसंग फार विरळा, आणि ते बहुधा गढूळ पाण्यांत, लकाकणाऱ्या वस्तूमुळें किंवा भाल्यानें मारलेला मासा जवळ बाळगल्यामुळें घडलेले आहेत. गढूळ पाण्यांत मनगट दिसत नाहीं, लकाकी तेवढी दिसते.

शार्कची गोष्ट थोडी निराळी. २०११ सालीं ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांनीं १७ जातींच्या शार्कचे डोळे तपासले. रंग ओळखण्यास लागणाऱ्या पेशी १० जातींत सांपडल्याच नाहींत, उरलेल्या ७ जातींत एकाच प्रकारच्या सांपडल्या. म्हणजे रंगापेक्षां उजेड-अंधारांतील तफावत त्यांस अधिक जाणवत असावी. शिवाय गंध, पाण्यांतील कंप आणि लोरेंझिनीनें १६७८ सालीं वर्णिलेल्या, विजेचा सूक्ष्म प्रवाह ओळखणाऱ्या, नाकाडावरील कुप्या यांवरहि त्यांची भिस्त असते. फ्लॉरिडाच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत शार्कच्या हल्ल्यांची जागतिक नोंद ठेवतात. तेथील तज्ज्ञहि दागिने काढून ठेवण्यास सांगतात. मात्र त्याच नोंदींत २०२३ सालीं न डिवचतां झालेले हल्ले साऱ्या जगांत ६९ च आहेत, व त्यांतील बहुतेक लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांवर व पोहणाऱ्यांवर.

माझ्या मतें पाठीवरच्या मोठ्या नळकांड्याची धास्ती व्यर्थ आहे. तें माणसाबरोबर संथ चालतें, आणि बुडबुड्यांचा खळखळाटहि त्याची वर्दी देतो. घायाळ माशाशीं त्याचें कांहींच साम्य नाहीं. लोंबती साखळी, बांगडी, मनगटावरचें घड्याळ यांची गोष्ट वेगळी. साखळी व बांगडी किनाऱ्यावरच ठेवावी, घड्याळ बाहीखालीं झांकावें. आणि कोणी भाल्यानें मासा मारलाच, तर तो कमरेस न बांधतां लांब दोरीनें दूर ओढीत न्यावा.