शाळेचा पट कसा वाचावा? : जुन्नर-आंबेगावच्या निमित्ताने

नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा जो लेख आहे, त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापणे यांची संख्या अंकांत कोरलेली आहे. भारतातील अंकलेखनाच्या अतिप्राचीन पुराव्यांत त्याची गणना होते. ते दान यज्ञाचे होते, संघाला दिलेले नव्हे. परंतु जुन्नर परिसरातील बौद्ध लेण्यांच्या लेखांतही हीच शिस्त आढळते. कोणी दिले, किती निवर्तने शेत दिले, कोणत्या गावचे दिले, कशासाठी दिले, हे सारे तेथे नमूद आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंदही तेथे आहे. सार्वजनिक द्रव्याचा हिशेब येणाऱ्या-जाणाऱ्याच्या दृष्टीस पडेल अशा जागी ठेवण्याची ही रीत. ती लेणी विद्यार्थ्यांना दाखविताना आम्हाला हटकून शाळेचा फलक आठवतो. त्यावरही आकडे असतात : मुले इतकी, मुली इतक्या, उपस्थित इतके. ते आकडे बहुधा खोटे नसतात. मात्र त्यांना जे प्रश्न विचारावयास हवेत ते आपण विचारीत नाही.

ते प्रश्न विचारावयास आपल्याला दोन महामानवांनी शिकविले आहे. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. सरकारी महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांना होतो, हे त्यांचे मूळ गाऱ्हाणे होते. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, लोकल फंडाचा किमान अर्धा भाग त्यासाठीच राखावा, शिक्षकास दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी वेतन नसावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. विद्यार्थी, पैसा आणि शिक्षक या तिन्ही बाबींचा हिशेब त्यांनी एकत्र मांडला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आज आपण त्या तिहींसाठी तीन वेगळे तक्ते भरतो आणि ते एकमेकांशेजारी ठेवून कधी पाहत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी यापुढचे पाऊल टाकले. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी लोकसंख्येचे चार वर्ग पाडून आकडे मांडले. प्राथमिक शाळेत दर हजार लोकसंख्येमागे प्रगत हिंदूंची ११९ मुले होती, मुसलमानांची ९२, मध्यम वर्गाची ३८ आणि मागास वर्गाची १८. माध्यमिक शिक्षणात दर लाखामागे हेच प्रमाण अनुक्रमे ३०००, ५००, १४० आणि १४ असे होते. महाविद्यालयात मागास वर्गाच्या रकान्यात जवळजवळ शून्यच होते. या मागास वर्गात अस्पृश्यांबरोबर डोंगरी जमातीही मोडत होत्या. म्हणजे आपल्या दोन्ही तालुक्यांतील बौद्धवाडा आणि आदिवासी वाडी या एकाच रकान्यात होत्या. विद्यार्थ्यांनी येथे पाटी घेऊन भागाकार करून पाहावा. प्राथमिक पायरीवर प्रगत आणि मागास यांच्यातील अंतर साडेसहा पटींचे आहे. माध्यमिक पायरीवर ते दोनशे पटींहून अधिक होते. शाळेची एकूण पटसंख्या पाहणाऱ्यास हे कधीच दिसले नसते. पायरीगणिक आणि वर्गागणिक आकडा फोडल्याशिवाय तो बोलत नाही.

त्याच भाषणात गळतीचा हिशेब आहे. पहिलीत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, असे त्यांनी दाखविले. आणि पैशाचाही : शिक्षणावर सरकार दरडोई चौदा आणे खर्चते, तर दारूच्या अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, निदान जेवढे लोकांकडून घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची साधी मागणी होती.

आता आपल्या दोन तालुक्यांकडे वळू. नारायणगाव-मंचरचा पूर्व भाग कालव्याच्या पाण्याचा, ऊस, कांदा, टोमॅटोचा. घाटघर-आहुप्याचा पश्चिम भाग मुसळधार पावसाचा, भातखाचरांचा आणि हिरड्याचा. तालुक्याची सरासरी काढली की हे दोन प्रदेश एकमेकांत विरघळतात. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाचे निष्कर्ष तर जिल्ह्याच्या नावाने येतात आणि आपला जिल्हा पुणे आहे. महानगरातील शाळा आणि भीमाशंकरच्या रानातील वाडी यांचे मिळून जे गुणांकन होते, ते दोघांपैकी कोणाचेच नसते.

शिक्षकांच्या आकड्याचेही तसेच. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) प्राथमिक स्तरावर साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि त्यापुढे साधारण तीस मुलांमागे एक, असे प्रमाण ठरविले. समजा, एका केंद्रात दोन शाळा आहेत. एकीत १२ मुले व २ शिक्षक, दुसरीत १६८ मुले व ४ शिक्षक. केंद्राची सरासरी बरोबर तीस येते, अहवाल निर्दोष ठरतो. प्रत्यक्षात दुसऱ्या शाळेतील एकेका वर्गात बेचाळीस मुले बसतात. आणि पहिल्या शाळेत एक शिक्षक प्रशिक्षणाला गेले की दुसऱ्यांना पहिली ते चौथीचे चारही वर्ग एकाच खोलीत सांभाळावे लागतात.

सर्वांत फसवा आकडा आम्हाला ३० सप्टेंबरचा वाटतो. या दिवसाच्या पटावर शिक्षकांची संचमान्यता ठरते. सप्टेंबरात पश्चिम भागात भात उभे असते, माणसे घरी असतात, शाळा भरलेली असते. भात निघाले की कुटुंबे मजुरीसाठी खाली उतरतात. एका जानेवारीत आम्ही एका वाडीतील शाळेत गेलो होतो. फळ्यावरील पट आणि समोर बसलेली मुले यांत निम्म्याचे अंतर होते. गुरुजींनी काही लपविले नाही. म्हणाले, “सर, आईबाप नारायणगावच्या बाजूला कामाला गेल्यात. पोरं मागं कुणापाशी ठेवायची?” त्या मुलांचे नाव पटावर होते, म्हणून ती गळतीत नव्हती, ती वर्गात नव्हती, म्हणून शिकतही नव्हती. यांच्यासाठी पटाच्या तक्त्यात रकाना नाही.

पैशाची बाब थोडी गुंतागुंतीची आहे, आणि येथे आपल्या बाजूच्या मंडळींनीही प्रामाणिक राहिले पाहिजे. समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान पटावर अवलंबून असते : तीसपर्यंत विद्यार्थी असलेल्या शाळेस वर्षाला १० हजार रुपये, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार. दहा मुलांच्या शाळेत दरडोई हजार रुपये पडतात, शंभरांच्या शाळेत अडीचशे. म्हणून लहान शाळा महाग, असे म्हटले जाते आणि गणिताच्या दृष्टीने ते चूक नाही. परंतु पाऊस दरडोई पडत नाही. घाटमाथ्यावरील छपराला मुले दहा असोत वा शंभर, दुरुस्ती तेवढीच लागते, विजेचे बिल यावयाचे ते येतेच.

हा वाद केवळ कागदावरचा नाही. २०२३ साली शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे एकत्रीकरण करून समूहशाळा उभारण्याचा विचार पुढे आणला, तेव्हा राज्यात अशा चौदा हजारांहून अधिक शाळा आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले असल्याचे सांगण्यात आले. कायद्यात किमान पटाची अट नाही. राज्याच्या नियमांत अंतराची आहे : प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत. नकाशावरचा किलोमीटर आणि श्रावणात ओढा ओलांडून जाण्याचा किलोमीटर यांत फरक असतो. बिबट्याच्या वावरामुळे सात वर्षांच्या मुलीला एकटी कोणी पाठवीत नाही, हे जुन्नरकरांस सांगावयास नको. समूहशाळेत खेळाचे मैदान, प्रयोगशाळा, पुरेसे शिक्षक मिळतील, हे आम्ही नाकारीत नाही. तेथपर्यंत पोहोचणार कोण, हा आकडा आधी काढावा एवढेच आमचे म्हणणे आहे. १९२७ च्या त्या भाषणातला तो अठरांचा आकडा याच जातीचा होता.

या स्मरणिकेचे पुष्कळ वाचक आपल्या विद्यालयाचे माजी विद्यार्थी आहेत आणि आता स्वतः पालक आहेत. कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांपैकी काही तुम्ही आहात. आपल्या गावच्या शाळेचा अकरा अंकी युडायस क्रमांक मुख्याध्यापकांकडून मागून घ्यावा. पुणे जिल्ह्यात तो २७२५ ने सुरू होतो. त्यावरून शाळेचे प्रगतिपत्रक कोणालाही पाहता येते. त्यातील पहिलीची पटसंख्या आणि चार वर्षांनंतरची पाचवीची पटसंख्या वहीत शेजारी-शेजारी लिहावी. मुले, मुली, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती असे रकाने पाडून. आणि जानेवारीतील कोणत्याही एका मंगळवारी शाळेत जाऊन समोर बसलेली मुले स्वतः मोजावीत.