हसाजी

'हसाजी' म्हटले की मराठी कानाला हसरा माणूस आठवतो. बेने इस्राएल घरांतल्या या नावाचा मात्र हसण्याशी संबंध नाही. हसणे आहे ते इसाजीत. इसाजी म्हणजे यित्झाक, आणि त्या हिब्रू नावाचा अर्थच 'तो हसेल' असा होतो. हसाजी म्हणजे यहेज्केल.

यहेज्केलमध्ये दोन शब्द आहेत. 'हाझाक' म्हणजे बळकट आणि 'एल' म्हणजे देव. देव बळ देवो, असा अर्थ. सेफारदी रीतीच्या सिनेगॉगमध्ये तोरा वाचून जागेवर परतणाऱ्याला 'हाझाक' म्हणतात, तो हाच शब्द. या नावाचा संदेष्टा बाबेलमध्ये, बंदिवासात नेलेल्या लोकांत राहत होता. वाळलेल्या हाडांत प्राण आल्याचा त्याचा दृष्टान्त त्याच्या ग्रंथाच्या ३७ व्या अध्यायात आहे.

कोकणातल्या गावात एवढे लांब नाव रोज कोण घेणार? पुढचा 'य' गेला, मागचा 'केल' गेला; मधल्या 'हेझ'चे 'हस' झाले आणि त्याला शिवाजी-संभाजीतला 'जी' लागला. इथेच या नावाची गंमत आहे. बाळू, बंड्या ही लाडाची नावे. चारचौघांत ती बाजूला ठेवावी लागतात. हसाजी लाडाचेही आणि मानाचेही, म्हणून बापाचे नाव म्हणूनही ते मिरवले. मुंबईत १७९६ मध्ये पहिले सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे यहेज्केलचा मुलगा शमुवेल. इंग्रजी वळणाने तेच नाव सॅम्युएल इझिकेल दिवेकर असे लिहितात. कवी निसीम इझिकेल यांचे आडनावही याच नावाचे इंग्रजी रूप.

ही रूपे ठाऊक नसली की वंशवेल जुळवताना घोटाळा होतो. एका कागदावर हसाजी, दुसऱ्यावर इझिकेल; एकाच पणजोबांचे दोन पणजोबा होतात. किंवा हसाजी हे यहुदी नावच नव्हे, असे कोणी ठरवून मोकळे होते!

इस्रायलमध्ये आज यहेज्केलला लाडाने 'खेझी' म्हणतात. (ज्येष्ठांच्या तोंडी जिथे 'ह' येतो, तिथे तरुण 'ख' म्हणतात.) तिथेही पुढचा 'य' आणि मागचा 'एल' गळले, मधले बळ तेवढे राहिले. आजोबा हसाजी आणि नातू खेझी असतील, तर दोघे एकाच नावाचे.

घरी करा: मुसाजी, एलोजी, बन्नाजी यांची मूळ हिब्रू नावे शोधा. घरातल्या ज्येष्ठांना त्यांच्या आजोबांचे नाव विचारा आणि त्यांनी उच्चारले तसेच लिहून आणा.