मुंग्यांच्या नव्या वसाहतीचा तात्पुरता सांभाळ
(परिसर अभ्यास : इयत्ता तिसरी ते पाचवीसाठी पाठाची रूपरेषा)

मृगाचा पहिला चांगला पाऊस होऊन जमीन भिजली की सातारा व सांगली जिल्ह्यांतील गावोगावी संध्याकाळी दिव्याभोवती पंखांचे किडे जमू लागतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचा व्हरांडा झाडताना गळालेल्या पंखांचा केर निघतो. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात. पुस्तके सर्वांच्या हाती आलेली असतात असेही नाही. अशा वेळी हा केर बाहेर टाकण्यापूर्वी शिक्षकांनी तो मुलांपुढे ठेवावा. प्रस्तुत पाठाचा आरंभ त्यातूनच होतो.

विषयप्रवेश

मुंगीला पंख फुटले की तिचे मरण जवळ आले, असे लोक म्हणतात. हे म्हणणे अर्धे खरे आहे. पंख फुटलेले नर उड्डाणानंतर थोड्याच काळात मरतात, व पुष्कळ माद्याही पाखरे, बेडूक, पाली यांच्या तोंडी पडतात. परंतु ज्या मादीचा नराशी संयोग झाला आहे व जी वाचली आहे, ती जमिनीवर उतरते, आपले पंख आपणच पाडून टाकते आणि ओल्या मातीत लहानशी खोली कोरून स्वतःस आत बंद करून घेते. ही नव्या वसाहतीची राणी होय. पंख जाणे हा तिच्या बाबतीत अंत नसून संसाराचा आरंभ असतो. म्हणीतील हे अर्धे सत्य मुलांस प्रत्यक्ष पाहून पुरे करता यावे, हा या पाठाचा पहिला उद्देश. दुसरा उद्देश असा की, परक्या जिवाचा सांभाळ ठरावीक मुदतीपुरता पत्करणे व मुदत संपताच तो जीव त्याच्या जागी परत पोचविणे ही जबाबदारी मुलांच्या अंगवळणी पडावी.

वाळवी आणि मुंगी यांतील भेद

केरातील पंख व मेलेले किडे कागदावर मांडून मुलांस वर्गवारी करू द्यावी. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात, कंबर जाड असते व मिशा सरळ, मण्यांच्या माळेसारख्या असतात. मुंगीचे पुढचे पंख मोठे व मागचे लहान असतात, कंबर बारीक असते व मिशा कोपरात वाकलेल्या असतात. वाळवीस पांढरी मुंगी म्हणण्याची चाल आहे. परंतु वाळवी ही मुंग्यांच्या नव्हे, तर झुरळांच्या कुळातील आहे. मुंग्यांचे जवळचे नातेवाईक म्हणजे गांधीलमाशा व मधमाशा. ज्या वारुळांची नागपंचमीस पूजा होते व ज्यामुळे बत्तीस शिराळ्याचे नाव सर्वत्र पोचले आहे, ती उंच वारुळे बहुधा वाळवीने बांधलेली असतात, हेही या प्रसंगी सांगावे.

या भागातील पूर्वीचे अभ्यासक

मुंग्यांचे निरीक्षण हा केवळ पोरखेळ नव्हे. मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करणारे कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी पुण्यास असताना गवताचे बी साठवणारी एक मुंगी पाहिली. पावसाने भिजलेले बी ती बिळाबाहेर आणून उन्हात वाळवीत असे. त्यांनी १८३५ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले व दूरदृष्टी दाखविणारी अशा अर्थाचे 'प्रॉव्हिडेन्स' हे नाव तिला दिले. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील रॉबर्ट चार्ल्स रॉटन यांनी १८९२ साली मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकात येथील मुंग्यांवर लेख लिहिले, आणि १९०३ साली बिंगहॅम यांचा हिंदुस्थानातील मुंग्यांवरील ग्रंथ निघाला. आज भारतातून मुंग्यांच्या ८०० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. साइक्स यांनी जे पाहिले ते पाहण्यास कोणतेही यंत्र लागले नव्हते. पाऊस उघडल्यावर माण, खटाव किंवा जतच्या माळावर बिळाच्या तोंडाशी पडलेला भुसकटाचा वेढा कोणत्याही मुलास दिसू शकतो.

राणीची निवड

पंख गळून जमिनीवर एकटीच फिरणारी, नेहमीच्या कामकरी मुंगीहून बरीच मोठी, पाठ फुगीर असलेली मुंगी दिसल्यास ती राणी समजावी. पाठीवर पंख तुटल्याच्या खुणा दिसतात. मोठ्या काळ्या डोंगळ्याची राणी या पाठास उत्तम, कारण ती ठळक दिसते व डोंगळ्यास नांगी नसते. तो चावतो, परंतु लाल मुंगीसारखा डंख करीत नाही. लाल चावऱ्या मुंग्या वर्गात आणू नयेत. चालू बीळ खणून राणी काढणे तर सर्वथा वर्ज्य आहे. त्यायोगे एक नांदती वसाहत नष्ट होते. एका शाळेत एकच राणी ठेवावी.

साहित्य व मांडणी

काचेची एक परीक्षानळी अथवा अरुंद लांबट बाटली, स्वच्छ कापूस, पिण्याचे पाणी, काळे फडके व पतंगाचा तांबडा कागद एवढे साहित्य पुरते. नळीचा तिसरा हिस्सा पाण्याने भरावा. कापसाचा घट्ट बोळा पाण्यास टेकेल इतका आत सारावा, म्हणजे कापूस ओला राहील, पण पाणी पुढे येणार नाही. उरलेल्या कोरड्या भागात राणी सोडून तोंडाशी कोरड्या कापसाचा सैल बोळा बसवावा. त्यातून हवा खेळते. नळी आडवी ठेवून फडक्याने झाकावी व कपाटात अशा जागी ठेवावी की तेथे ऊन, धूर व हादरे पोचणार नाहीत. फवारणीचे औषध हाताळलेला हात, डासांची उदबत्ती व मुंग्या मारण्याचा खडू यांपासून ती दूर असावी.

पहिले आठवडे : काही न करण्याची शिस्त

या काळात मुलांच्या मनात येणारी पहिली गोष्ट म्हणजे राणीस साखर घालावी. ती इच्छा चांगली असली तरी येथे अनाठायी आहे. डोंगळ्याची राणी पहिली संतती वाढेपर्यंत अन्न घेत नाही. उड्डाणासाठी लागलेले पंखांचे स्नायू आता निरुपयोगी झालेले असतात. ते तिच्या शरीरातच विरघळतात, आणि त्यांच्यावर व साठवलेल्या चरबीवर ती स्वतः जगते व अळ्यांस तोंडातून रस भरविते. नळी वारंवार उघडली किंवा हलविली, तर घाबरलेली राणी आपलीच अंडी खाऊन टाकते. म्हणून आठवड्यातून एकदाच, तेही दोन मिनिटे, पाहण्याचा नियम ठेवावा. पाहताना तांबडा कागद उजेडाच्या आड धरावा. मुंग्यांस तांबडा प्रकाश फारसा जाणवत नाही.

सांभाळणे म्हणजे सारखे काहीतरी करीत राहणे, अशी समजूत मुलांची असते व पुष्कळदा मोठ्यांचीही असते. येथे मात्र हात आवरणे हाच सांभाळ आहे. ज्या मुलास हे साधले, त्याने या पाठातील अवघड भाग आत्मसात केला असे समजावे.

अंडी, अळी, कोष व पूर्ण मुंगी या चार अवस्था क्रमाने दिसतील. हवामान व जात यांप्रमाणे काळ कमीअधिक होतो. सामान्यतः पाच ते आठ आठवड्यांत पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर पडतात. मृगात ठेवलेल्या राणीची लेकरे नागपंचमीच्या सुमारास दिसावीत, असा अंदाज बांधण्यास हरकत नाही. या पहिल्या मुंग्या नेहमीपेक्षा लहान असतात, कारण त्या एका उपाशी आईच्या अंगच्या साठ्यावर वाढलेल्या असतात. चार आठवड्यांत अंडी दिसलीच नाहीत, तर राणीस सापडल्या जागी सोडून द्यावे.

कामकरी आल्यानंतर

आता अन्न द्यावयाचे. गुळाच्या अगर साखरेच्या पाण्याचा एक थेंब व मेलेल्या माशीचा वा टोळाचा लहानसा तुकडा, आठवड्यातून दोनदा पुरे. गोड पदार्थ कामकऱ्यांच्या श्रमासाठी व किड्याचे मांस अळ्यांच्या वाढीसाठी, हा भेद समजावून द्यावा. उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी काढावे, अन्यथा बुरशी येते. एका मुंगीने घेतलेला रस ती दुसरीच्या तोंडात देते, हे दृश्य मुलांस अवश्य दाखवावे. दुसऱ्या बिळातील मुंगी आत टाकू नये. प्रत्येक वसाहतीचा गंध निराळा असतो व परकीस त्या मारून टाकतात. नळी पाण्याच्या बशीत विटेवर ठेवल्यास बाहेरच्या मुंग्यांचा उपद्रव टळतो. काम झाल्यावर सर्वांनी हात धुवावेत.

निरीक्षणवही

वहीत तारीख, वेळ, पाऊस होता की ऊन, काय दिसले व कोणी पाहिले, एवढेच रकाने असावेत. काही दिसले नाही, तर 'आज बदल दिसला नाही' असे लिहावे. ही नोंदही पूर्ण नोंद आहे. शिक्षकांस बरे वाटावे म्हणून न दिसलेली अंडी लिहिणारे मूल व दिसले तेवढेच लिहिणारे मूल यांतील फरक पुढे जन्मभर टिकतो.

सांभाळ दुसऱ्याकडे सोपविणे

वसाहतीस रविवार नाही व सुटीही नाही. गौरी-गणपतीच्या दिवसांत ती कोणाकडे राहणार, हे आधी ठरवावे. जत, आटपाडी, माण यांसारख्या कोरडवाहू भागांतील काही कुटुंबे पावसाळा सरताच ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. काही मेंढरांमागे जातात. त्यांच्या मुलांची नावे काळजीवाहकांच्या यादीतून वगळू नयेत. जाणाऱ्या मुलाने आपल्या हाताने वही लिहून पुढच्या मुलाच्या स्वाधीन करावी: पाणी केव्हा पाहिले, अन्न केव्हा दिले, कामकरी किती, कोणती गोष्ट करू नये. ते मूल परतल्यावर मधल्या महिन्यांची हकीकत त्याच वहीतून प्रथम त्यास वाचावयास द्यावी. वर्गात आपली जागा राखलेली आहे, याची याहून साधी खूण दुसरी नाही.

समाप्ती

दिवाळीच्या सुटीपूर्वी, जमिनीत ओल आहे तोवर, वसाहत सोडावी. राणी जेथे सापडली तेथेच, झाडाच्या सावलीत, दगडाच्या कडेस माती थोडी भुसभुशीत करून संध्याकाळी नळी उघडी ठेवावी. मुंग्या अंड्या-अळ्यांसह आपण होऊन निघून जातात. दुसऱ्या गावी त्या सोडू नयेत.

राणी मधेच मेली, तर ती गोष्ट लपवून दुसरी राणी ठेवू नये. निसर्गातही बहुतेक नव्या राण्या वसाहत उभी करण्यापूर्वीच मरतात, हे मुलांस सांगून वहीत तशी नोंद करवावी. उलट, जी टिकते ती दीर्घकाळ टिकते. युरोपातील एका काळ्या मुंगीची राणी बंदिस्त स्थितीत सुमारे २८ वर्षे जगल्याची नोंद आहे. शाळेमागच्या दगडाखाली सोडलेली राणी जगली, तर आज तिसरीत असलेले मूल शाळा सोडून जाईल तेव्हाही ती तेथे नांदत असू शकेल.

चर्चेसाठी प्रश्न

१. पंख गळालेली प्रत्येक मुंगी मरते काय? कशावरून?
२. पहिल्या कामकरी मुंग्या आकाराने लहान का असतात?
३. राणीस पहिल्या आठवड्यांत साखर का घालू नये?
४. तुम्ही आठ दिवस गावी जाणार असाल, तर मागे राहणाऱ्या मित्रास कोणत्या पाच सूचना लिहून द्याल?