प्रादेशिक नेतृत्वाची कसोटी

चेन्नईलगतच्या आवडी येथे १९६१ साली अवजड वाहनांचा कारखाना स्थापन झाला. १९६५ मध्ये तेथून विजयंता रणगाडा बाहेर पडला. अशा कारखान्यातील सुरक्षा-अभियंता नेहमी एका पेचात असतो. त्याचे वेतन व्यवस्थापनाच्या हाती. कर्तव्य मात्र प्रसंगी चालते यंत्र थांबविण्याचे. कारखाने अधिनियमाच्या १९७६ मधील दुरुस्तीने हजार वा अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी सुरक्षा-अधिकाऱ्याची तरतूद झाली. परंतु कायद्याने पद मिळते, पाठबळ मिळत नाही. ते व्यावसायिक संस्थेने द्यावयाचे असते. न्यूयॉर्क येथील ट्रँगल कारखान्याच्या आगीत मार्च १९११ मध्ये १४६ जीव गेले. त्याच वर्षी त्या शहरात निरीक्षकांनी जी संघटना उभारली, तीच पुढे सुरक्षा-अभियंत्यांची अमेरिकन संस्था झाली.

म्हणून अशा संस्थेच्या प्रादेशिक पदासाठी उभ्या राहणाऱ्याची पारख त्याच्या भाषणावरून करू नये. सभासदांनी दोनच प्रश्न विचारावेत. लहान कारखान्यातील एकाकी सभासदापर्यंत तो पोहोचेल काय? आणि यंत्र थांबविल्याबद्दल ज्याच्यावर वरिष्ठांचा रोष ओढवेल, त्याच्यामागे तो संस्था उभी करील काय? या प्रश्नांची उत्तरे ज्याच्या पूर्वीच्या कामात सापडतात, तोच मतास पात्र होय.